मनोरुग्णसेवेचा भार परिचारिकांवर

देशात लाख लोकसंख्येमागे सरासरी एकही मानसोपचारतज्ज्ञ नाही. 'निम्हान्स'च्या २०१५-१६ मधील राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, विकारागणिक सुमारे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित असल्याचे आढळले.

महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. डॉक्टरांची फेरी आटोपली की कक्षाची धुरा परिचारिकांकडे येते. रुग्णाने गोळी गिळली की गालात दडवली, झोप लागली का, आत्महत्येचा विचार बळावतो आहे का, हे त्याच टिपतात. पुढील उपचार ठरविताना या नोंदी मोलाच्या ठरतात.

२९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला साखळदंडाने जखडण्यास मनाई केली. तातडीचा धोका टाळण्यास अन्य उपायच नसेल, तर त्याला आवरण्याची मुभा आहे. मात्र त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाची अनुमती व लेखी नोंद आवश्यक आहे. रात्रपाळीत तज्ज्ञ जवळ नसल्यास रुग्णाचा जीव आणि त्याचा हक्क, दोन्ही परिचारिकेलाच जपावे लागतात. अशा वेळी बळापेक्षा संवाद उपयोगी पडतो. आणि तो प्रशिक्षणाने साधतो. त्यामुळे मानसोपचार परिचर्येचे शिक्षण घेतलेल्या परिचारिकांची संख्या वाढविणे निकडीचे आहे.