बाळंतिणीचं ताट आणि लेकराचं पोट

कडेम नदी बाजारहत्नूरजवळ उगम पावते, कुंटाल्याच्या धबधब्यावरून कोसळते आणि पुढे गोदावरीला मिळते. आदिलाबाद जिल्ह्याच्या या डोंगराळ पट्ट्यात तेलुगू, गोंडी, लंबाडी आणि मराठी शेजारी नांदतात. पूर्वी हा सगळा मुलूख निजामाचा. १ नोव्हेंबर १९५६ला भाषावार राज्यरचना झाली, तेव्हा जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले. बोथ-बाजारहत्नूरकडची मराठी घरं आंध्र प्रदेशात राहिली आणि २०१४मध्ये तेलंगणात आली. कचेरीतली भाषा बदलली, शाळेतली बदलली. बाळंतिणीच्या खोलीतला कायदा मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंना तोच राहिला: आईनं जे खाल्लं, ते लेकराला बाधतं.

या कायद्यात वाढायचं काय आणि टाळायचं काय, दोन्ही ठरलेलं असे. मऊ भात नाहीतर भाकरी, वर तुपाची धार, लसूण घातलेली शेपूची किंवा मेथीची भाजी, सुंठ, अळिवाची खीर, खारीक-खोबरं, डिंकाचे लाडू. जेवण झालं की भाजलेला ओवा आणि बाळंतशेपा. टाळायच्या यादीत तुरीचं वरण, हरभरा, वाल, वांगं, बटाटा, गवार, कोबी. म्हणजे जे जे वातूळ, लोकांच्या तोंडी ‘बादी’, ते सगळं. रात्री लेकरू पाय पोटाशी घेऊन कळवळून रडायला लागलं की पहिला प्रश्न आईला: आज काय खाल्लंस?

हा प्रश्न फार जुना आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात वातानं बिघडलेल्या दुधाची लक्षणं दिली आहेत. असं दूध पाण्यात टाकलं तर वर तरंगतं, ते तुरट, फेसाळ आणि रूक्ष असतं, ते प्यायल्यानं बाळाची शी-शू अडते. चांगलं दूध पाण्यात पार मिसळून जातं. दूध बिघडलं तर उपचार पाजणारीवर करायचे, ही त्यामागची विचारसरणी. बालरोगांना वाहिलेली काश्यपसंहिता तर शतकानुशतकं वैद्यांच्या नजरेआड होती. नेपाळचे राजगुरू हेमराज शर्मा यांच्या संग्रहातल्या पोथीवरून ती १९३८मध्ये मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून बाहेर पडली. पण खेड्यातल्या सुईणीला पोथीची गरज नव्हती. सोळाव्या शतकातल्या वैद्य भावमिश्रानं मेथी, अळीव, काळं जिरं आणि ओवा या चौघांना ‘चतुर्बीज’ म्हणून एकत्र आणलं आणि ते पोटफुगी, अजीर्ण, शूळ आणि कंबरदुखीवर सांगितलं. यातले बहुतेक जिन्नस आजही, पोथी न उघडता, बाळंतिणीच्या डब्यात असतात.

हीच भीती जगात इतरत्रही होती, फक्त याद्या जुळत नाहीत. दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य सोरेनस पाजणाऱ्या दाईला कांदा, लसूण, मुळा आणि कडधान्यं वर्ज्य करतो. कडधान्यांबद्दल त्याचं आणि मराठी आजीचं एकमत आहे. लसणाबद्दल मात्र दोघं समोरासमोर उभे आहेत: तो ज्याला मनाई करतो, तोच लसूण इथे बाळंतिणीला मुद्दाम खाऊ घालतात, वात सरावा म्हणून. दोघांचाही अनुभव प्रामाणिकच असणार. तरीही निष्कर्ष इतके उलटे निघतात, तेव्हा कारण पदार्थात शोधावं की रडणाऱ्या बाळात, हा विचार करावाच लागतो.

बाळंतशेप्याचा प्रवास याहून रंजक आहे. शेपूचं हे बी मराठी घरात आईच्या तोंडात पडतं. १८५१मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचा औषधविक्रेता विल्यम वुडवर्ड यानं शेपूचं तेल, खाण्याचा सोडा, साखर आणि मद्यार्क यांचं मिश्रण बाळासाठी तयार केलं. तेच ग्राइप वॉटर. पुढे ते हिंदुस्थानात घरोघर पोचलं. त्यातला मद्यार्क नंतर काढला गेला, आणि बाळाचं रडणं थांबवण्यात त्याचा वाटा किती होता हे वेगळं सांगायला नको. त्याआधी आणि त्यानंतरही मराठी घरात बाळासाठी सहाणेवर उगाळलेली गुटी होतीच: वेखंड, जायफळ, हिरडा, अतिविष आणि मुरुडशेंग. मुरुडशेंगेचं झुडूप आदिलाबादच्या सागवानी जंगलात भरपूर. तिची शेंग पिळलेल्या दोरासारखी असते, म्हणून पोटातल्या मुरड्यावर ती चालते, असा लोकांचा हिशेब. बेंबीभोवती हिंगाचं पाणी, पोटावर गरम केलेलं विड्याचं पान हे उपाय बाहेरून करायचे. पहिले सहा महिने बाळाच्या पोटात आईच्या दुधाशिवाय काही जाऊ नये, हे आता जगभरचे डॉक्टर सांगतात, त्यामुळे गुटी आणि ग्राइप वॉटर दोन्ही मागे ठेवणं बरं.

मग आईच्या जेवणाचं काय? वाल-हरभऱ्यातली काही साखर माणसाच्या लहान आतड्यात पचत नाही. ती मोठ्या आतड्यात जाते, तिथले जीवाणू ती आंबवतात आणि वायू होतो. हा वायू आईच्या पोटातला. दूध रक्तातून घेतलेल्या द्रव्यांपासून स्तनात तयार होतं, त्यात आतड्यातला वायू उतरत नाही आणि न पचलेला चोथाही उतरत नाही. उतरतो तो वास. १९९१मध्ये फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेत ज्युली मेनेला आणि गॅरी बोशां यांनी आयांना लसणाच्या कॅप्सूल दिल्या. साधारण दोन तासांनी दुधाला लसणाचा वास सर्वांत जास्त येत होता, आणि बाळं तोंड फिरवण्याऐवजी अधिक वेळ अंगावर राहिली. इथे कौल सोरेनसकडे न जाता आजीकडे गेला.

आईच्या आहाराचा संबंध अजिबात नाही, असंही म्हणता येत नाही. १९७८मध्ये स्वीडनच्या इरेने याकोब्सन आणि टोर लिंडबेर्ग यांनी दाखवलं की अंगावर पिणाऱ्या काही बाळांचा पोटशूळ आईनं गाईचं दूध बंद केल्यावर थांबला. गाईच्या दुधातली प्रथिनं आईच्या दुधात उतरू शकतात आणि थोड्या बाळांना ती सोसत नाहीत. गंमत अशी की बाळंतिणीच्या वर्ज्य यादीत दूध कधी नव्हतंच. उलट दूध वाढावं म्हणून तिला दूधच पाजत.

मग समजूत इतकी घट्ट कशी झाली? याचं उत्तर बहुधा दिवसांच्या गणितात आहे. १९६२मध्ये अमेरिकन बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझेल्टन यांनी ८० निरोगी बाळांच्या रडण्याच्या नोंदी मांडल्या. रडणं आठवड्यागणिक वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या सुमारास कळस गाठतं आणि मग ओसरतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बहुतेक बाळं शांत होतात. आता आपला सव्वा महिना बघा. तो संपला की पथ्य सुटतं, आई घरातलं नेहमीचं वरण-वांगं खाऊ लागते, आणि नेमकं त्याच सुमारास रडणं शिखरावर असतं. दोष वांग्याला जातो. पुढे तिसऱ्या महिन्यात रडणं आपोआप थांबतं, तेव्हा श्रेय गुटीला मिळतं.

एवढंच असतं तर ही एक निरुपद्रवी समजूत म्हणून सोडून देता आली असती. पण आईच्या तुटपुंज्या जेवणानं लेकरांचे जीव गेल्याचा इतिहासही शेजारच्या मुलखाच्या वाट्याला आला आहे. पॉलिश केलेला तांदूळ आणि फारसं काही नाही, असं जेवणाऱ्या आईच्या दुधात थायमिन हे जीवनसत्त्व कमी पडतं आणि बाळाला बेरीबेरी होतो. दोन-तीन महिन्यांचं लेकरू कळवळून रडतं, ओकतं, आवाज बसतो आणि हृदय थकतं. सुरुवातीला कुणीही पोटातला वातच म्हणेल. मद्रास इलाख्यातल्या बेरीबेरीग्रस्त भागातल्या बालमृत्यूंवर डब्ल्यू. आर. आयक्रॉइड आणि बी. जी. कृष्णन यांनी १९४१मध्ये लिहिलं. आयक्रॉइड ज्या कुन्नूरच्या प्रयोगशाळेचे संचालक होते, ती १९५८मध्ये हैदराबादला आली. आजची राष्ट्रीय पोषण संस्था तीच. तिथल्याच शिफारशीनुसार पहिले सहा महिने अंगावर पाजणाऱ्या बाईला रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात.

बाळंतिणीच्या परंपरेचे दोन भाग होते, एक खाऊ घालण्याचा आणि एक तोडण्याचा. पहिल्याला तूप, खोबरं, खारीक, डिंक लागतो. म्हणजे पैसा लागतो. दुसऱ्याला काहीच लागत नाही. त्यामुळे गरिबाघरी लाडू गेले आणि मनाई उरली. ज्वारी जाऊन शेतात कापूस आणि सोयाबीन आलं, १९८३मध्ये एन. टी. रामाराव यांनी २ रुपये किलोनं तांदूळ दिला आणि भाकरीच्या मुलखात भात रोजचा झाला. पोट भरलं, ही मोठी गोष्ट झाली. पण भातासोबतचं वरण, तेही लेकराच्या वाताच्या भीतीनं, बाळंतिणीच्या ताटातून काढलं तर तिथे उरतं काय?

तेलंगण सरकारनं १ जानेवारी २०१५पासून आरोग्यलक्ष्मी योजना सुरू केली. अंगणवाडीत गरोदर आणि पाजणाऱ्या बायकांना रोज एक वेळचं पूर्ण जेवण मिळतं: भात, पालेभाजी घातलेली डाळ, एक अंडं आणि २०० मिली दूध. जेवण घरी न्यायचं नसतं, तिथेच बसून खायचं असतं. घरी नेलं की ते चौघांत वाटलं जातं, हे योजना आखणाऱ्यांना ठाऊक होतं. घरी जी डाळ ‘बादी’ म्हणून बाजूला सारली जाते, ती तिथे आईच्या ताटात पडते. एखाद्या बाळाला गाईचं दूध सोसत नाही अशी शंका आली, तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं आईनं ते दोन-तीन आठवडे थांबवून पाहावं, फरक पडला नाही तर पुन्हा सुरू करावं. बाळ ओकत असेल, ताप असेल, वजन वाढत नसेल किंवा आवाज बसला असेल, तर सहाणेकडे न जाता तडक दवाखान्यात न्यावं. आणि तोवर आईचं जेवण तोडू नये.