केळ्यातला उत्सर्ग

रावेरच्या कृषी केंद्रात केळीसाठी 'पोटॅश' मागतात. कृषी खात्याच्या शिफारशीत त्याचाच 'पालाश' होतो. नत्र, स्फुरद, पालाश या त्रयीतलं हे नाव ऐकलं की पळसाचा क्षार आठवतो. पोटॅश हा शब्दही भांड्यातल्या राखेवरूनच आला. पोटॅशमधल्या पोटॅशियमच्या दहा हजार अणूंत जेमतेम एक किरणोत्सर्गी असतो. एका केळ्यात दर सेकंदाला अशा साधारण तेरा-चौदा अणूंचा क्षय होतो. सेकंदाला एक, म्हणजे एक बेकेरेल. (केळी निर्धास्त खा. जादा पोटॅशियम निरोगी शरीर साठवत नाही.)

ज्यांच्या नावाचं हे एकक, त्या आंरी बेकेरेल यांनी 1896 च्या फेब्रुवारीअखेर पॅरिसमध्ये प्रयोगाला ऊन नाही म्हणून युरेनियमचे क्षार आणि फोटोची काच खणात ठेवून दिली. ऊन न लागताही काचेवर ठसा उमटलेला निघाला. 1898 मध्ये मारी आणि पिएर क्युरी यांनी युरेनियमच्या या गुणाला 'रेडिओॲक्टिव्हिटी' हे नाव दिलं, त्यात लॅटिन 'रेडियस' होता: चाकाचा आरा, मग किरण. त्याच वर्षी सापडलेलं रेडियमही त्याच घरचं.

रावेरहून गाडी बुऱ्हाणपूरला पोचली की शाळेच्या हिंदी पुस्तकात 'रेडियोधर्मिता' किंवा 'रेडियोसक्रियता' भेटते. मराठीने रेडियो बाहेरच ठेवला आणि 'किरणोत्सर्ग' घडवला. हा नुसता अनुवाद नाही. 'उत्सर्ग' मधला धातू 'सृज्', म्हणजे सोडणे. गणपतीच्या विसर्जनात आहे तोच. मूळ शब्दातली 'सक्रियता' इथे गळाली, आणि बरंच झालं. उन्हाची वाट न पाहता अणू आपण होऊन काही सोडून देतो, हेच तर बेकेरेलच्या काचेवर दिसलं होतं.

'किरण' तर त्याहून मजेदार. धातू 'कॄ', विखुरणे; विकिरण, प्रकीर्ण त्यातलेच. ऋग्वेदात किरण म्हणजे बारीक धूळ, उजेड नंतरचा. भौतिकशास्त्रज्ञ रदरफर्डनी 1899 मध्ये ज्यांना अल्फा आणि बीटा किरण म्हटलं, ते पुढे कणच निघाले! गॅमा तेवढा खरा उजेडाच्या जातीचा.

वर्तमानपत्रांत 'किरणोत्सारी' ही दिसतं. त्यातला धातू 'सृ', आणि उत्सारण म्हणजे हाकलून लावणे. अणू कुणाला हाकलत नाही. तेव्हा लिहिताना 'किरणोत्सर्गी' च लिहावं.