इफ्ताहाचा नवस

नवस बोलणे व फेडणे मालवण किनाऱ्यावरील भाविकांच्या परिचयाचे आहे. इफ्ताहाचा नवस मात्र भयप्रद ठरला (शास्ते ११:३०-४०). अम्मोनी लोकांवर जय मिळाल्यास घरातून जो सामोरा येईल त्याचे होमार्पण करण्याचे वचन त्याने परमेश्वराला दिले; सामोरी आली ती त्याची एकुलती एक कन्या. परमेश्वराने हा बळी मागितला नव्हता. नियमशास्त्रात नरबली निषिद्धच आहे (अनुवाद १२:३१). इसहाकावर उगारलेला अब्राहामाचा हातही देवदूताने रोखला (उत्पत्ती २२:१२).

ख्रिस्तसभेच्या कायद्यानुसार नवस हे शक्य व अधिक चांगल्या गोष्टीविषयी देवाला विचारपूर्वक, स्वेच्छेने दिलेले वचन होय (कलम ११९१). म्हणून पापकृत्याचा नवस बंधनकारक नसतो. अविचाराने बोललेला नवस मनाला डाचत असल्यास प्रमुख धर्मगुरूंना भेटावे. योग्य कारणास्तव त्यातून मुक्त करण्याचा अधिकार त्यांना आहे (कलम ११९६).