सभागृहाबाहेरचे आमदार

कोल्हापुरातलं टोलविरोधी आंदोलन ऐन भरात होतं, तेव्हा प्रा. एन. डी. पाटील 84 वर्षांचे होते. शहरातले रस्ते ‘बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा’ या तत्त्वावर एका खासगी कंपनीने केले होते आणि त्यांच्या वसुलीसाठी वेशीवर टोलनाके उभे राहिले होते. त्याविरुद्ध निघालेल्या मोर्चांच्या पुढच्या रांगेत एन. डी. आणि त्यांच्या शेजारी कॉम्रेड गोविंद पानसरे असायचे. त्या गर्दीतल्या कॉलेजच्या पोरांना कदाचित माहीतही नसेल, की हे आजोबा कधीकाळी याच कोल्हापूरचे आमदार होते. त्यांची आमदारकी 1990 मध्येच संपली होती.

आमदार म्हटलं की आपल्याला गाडी, बॅनर आणि वाढदिवसाचे फ्लेक्स आठवतात. पण आमदाराचं मूळ काम काय? कायदे करणं, सरकारच्या खर्चाचा हिशेब मागणं आणि लोकांचा प्रश्न सभागृहात नेणं. खुर्ची नसताना हे काम करता येतं का, याचं उत्तर एन. डीं.च्या आयुष्यात सापडतं.

नारायण ज्ञानदेव पाटील यांचा जन्म 15 जुलै 1929 रोजी सांगली जिल्ह्यातल्या ढवळी गावच्या शेतकरी कुटुंबात झाला. अर्थशास्त्रात एम. ए. करून ते रयत शिक्षण संस्थेत प्राध्यापक झाले. त्याआधीच, 1948 मध्ये, ते शेतकरी कामगार पक्षात दाखल झाले होते. काँग्रेस शेतकऱ्यांची राहिली नाही असं म्हणत केशवराव जेधे, शंकरराव मोरे आदी मंडळींनी काढलेला हा पक्ष. त्याचा लाल बावटा एन. डीं.नी अखेरपर्यंत खाली ठेवला नाही. पक्षाची ताकद ओसरत गेली, सोबतचे अनेक जण सत्तेच्या वळचणीला गेले, तरीही नाही.

1960 मध्ये महाराष्ट्र राज्य झालं आणि त्याच वर्षी ते विधान परिषदेत गेले. परिषदेत त्यांनी एकूण 18 वर्षं काढली. 1978 मध्ये शरद पवारांच्या पुलोद सरकारात ते सहकारमंत्री झाले. फेब्रुवारी 1980 मध्ये केंद्राने ते सरकार बरखास्त केलं आणि मंत्रिपद गेलं. पुढे 1985 मध्ये कोल्हापूरकरांनी त्यांना विधानसभेवर निवडून दिलं. थेट लोकांच्या मतांवरची त्यांची आमदारकी ही एवढीच, पाच वर्षांची.

इथे एक नातं सांगायला हवं. एन. डीं.च्या पत्नी सरोजताई या शरद पवारांच्या भगिनी. महाराष्ट्रात एवढ्या सोयरिकीवर माणसं पिढ्यान्‌पिढ्यांची सोय लावतात. पण 1993 मध्ये पवार मुख्यमंत्री असताना एन्रॉनशी वीजखरेदीचा करार झाला, तेव्हा त्याच्या विरोधात उभ्या राहिलेल्यांत एन. डी. होते. विरोध माणसाला नव्हता, कराराला होता.

त्यांच्या आंदोलनांची पद्धत इथे दिसते. घोषणा असायच्याच, पण त्याआधी कागद वाचलेला असायचा. वीज कोणत्या दराने घेणार? जमीन कोणत्या कायद्याखाली घेताय? सभागृहातल्या प्रश्नोत्तराच्या तासाला विचारावेत असे प्रश्न ते रस्त्यावर घेऊन आले. रायगडमधल्या सेझविरुद्ध शेतकरी उभे राहिले, तिथेही ते होते. 2008 मध्ये पेण परिसरातल्या 22 गावांत या प्रश्नावर शेतकऱ्यांचं मत घेतलं गेलं. कोल्हापुरातही नुसतं ‘टोल देणार नाही’ एवढंच म्हटलं गेलं नाही. रस्त्यांचं काम पूर्ण झालंय का, झालेल्या कामाची खरी किंमत किती, हे आधी मोजा, अशी मागणी झाली.

सगळे लढे जिंकले असं नाही. विरोध होऊनही एन्रॉनचा प्रकल्प उभा राहिला. सीमाभागातल्या मराठी माणसांसाठी ते आयुष्यभर झटले, पण 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलेला तो दावा त्यांच्या हयातीत निकाली निघाला नाही. आणि काही गोष्टींची किंमत फार मोठी होती. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे ते अध्यक्ष होते, नरेंद्र दाभोलकर कार्याध्यक्ष. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी समिती वर्षानुवर्षं सरकारचे उंबरठे झिजवत होती. 20 ऑगस्ट 2013 रोजी दाभोलकरांचा खून झाला आणि मगच सरकारने वटहुकूम काढला. फेब्रुवारी 2015 मध्ये कोल्हापुरात पानसऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. टोलच्या मोर्चात शेजारून चालणारा सोबती गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस कोल्हापूरचा टोल रद्द करण्याची घोषणा झाली. तो दिवस पाहायला पानसरे नव्हते.

17 जानेवारी 2022 रोजी एन. डी. कोल्हापुरातच गेले. सभागृहात 23 वर्षं आणि शेवटच्या आमदारकीनंतर बाहेर 30 हून अधिक वर्षं, असा त्यांचा हिशेब. त्यातली 1990 ते 2008 ही वर्षं ते रयतचे चेअरमनही होते.

आज शिरोली नाक्यावरून कोल्हापुरात शिरताना शहराच्या रस्त्यासाठी कुणी गाडी अडवून पावती फाडत नाही. गाडी थांबत नाही, म्हणून आपल्यालाही काही आठवत नाही. पण त्या न फाडलेल्या पावतीमागे एका माजी आमदाराने उतारवयात केलेलं आमदाराचं काम आहे. पुढच्या वेळी आपल्या आमदाराने काय केलं असं विचारताना, त्याने कुठला करार वाचला, हेही विचारायला हवं.