स्वामित्वाचा नकाशा, बर्फाचा हिशेब

ऐतिहासिक साधन ज्या हेतूने निर्माण झाले त्याच हेतूने वाचावे असे नाही, हे आम्ही बखरींच्या निमित्ताने वर्गात नेहमी सांगतो. बखरकार धन्याचा पराक्रम लिहितो. अभ्यासक तिच्यात फारसी शब्दांचे प्रमाण पाहतो. आर्क्टिकमधील स्वालबार बेटांची १९३६ ची हवाई छायाचित्रे याच जातीची आहेत.

१९२० च्या कराराने या बेटांवर नॉर्वेचे सार्वभौमत्व मान्य झाले. ते १९२५ मध्ये अमलात आले. मालकी मिळाली, आता नकाशा हवा होता. त्यासाठी १९३६ च्या उन्हाळ्यात विमानातून, तिरप्या कोनातून, हजारो छायाचित्रे घेतली गेली. बर्फ किती घटतो, हा त्या मोहिमेचा प्रश्नच नव्हता.

एकाच स्थळाची दोन जागांवरून घेतलेली छायाचित्रे ताडून पाहिली की जवळचे अधिक सरकलेले दिसते, दूरचे कमी. (डोळे आळीपाळीने मिटून स्वतःचे बोट पाहावे.) त्या सरकण्यावरून पृष्ठभागाची उंची निघते. जुन्या उंचीतून नवी वजा करून फरकास क्षेत्रफळाने गुणले की घनफळातील घट हाती येते. अडचण शुभ्रतेची. ताज्या हिमावर खूणच नसते, म्हणून दोन्ही चित्रांत तोच बिंदू सापडणे कठीण. भोवतीचा उघडा खडक मात्र भरवशाचा साक्षीदार. तो जागचा हललेला नसतो. त्याच्या उंचीत जी तफावत दिसेल ती मोजणीतील चूक समजायची. पाठभेद तपासणाऱ्यांस ही युक्ती ओळखीची वाटेल.

'नेचर'मध्ये २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात १९३६ व १९३८ मधील सुमारे ५,५०० छायाचित्रे संगणकाने जुळवून १,५९४ हिमनद्यांचा १९३६ ते २०१० असा हिशेब मांडला आहे. बर्फ सरासरीने वर्षाला सुमारे ३५ सेंटिमीटर पातळ होत गेला. एकविसाव्या शतकात हा वेग दुपटीहून अधिक होईल, असे त्या संशोधकांचे अनुमान आहे.

या साधनाची मर्यादाही ध्यानात घ्यावी. छायाचित्रास बर्फाचा तळ दिसत नाही; किती गेले ते कळते, मुळात किती होते ते नाही. शिवाय मधल्या ७४ वर्षांबाबत ही दोन टोके मुकी आहेत. घट केव्हा मंदावली, केव्हा वाढली, हे सरासरीत बुडून जाते.

हिमालयासाठी तर अमेरिकेच्या हेर उपग्रहांनी १९७० च्या दशकात टिपलेल्या फिल्मा अशाच वाचल्या गेल्या. शत्रूच्या हालचालींवर नजर ठेवणाऱ्या त्या यंत्रणेच्या चित्रांतून २०१९ च्या अभ्यासाने ६५० हिमनद्या मोजल्या. २००० नंतर तेथील घटीचा वेग आधीच्या पंचवीस वर्षांच्या दुप्पट निघाला.