पिंप, पाणी आणि तापलेलं इंजिन

आमच्या गावच्या घरी पागोळीखाली अजून एक पत्र्याचं पिंप आहे. मे महिन्यात गेलो तेव्हा भाच्याने विचारलं, "मामा, हे गंजकं पिंप कशाला ठेवलंय?" त्याला म्हटलं, ते काकांच्या ट्रकचं. त्याला काही उमगलं नाही. ट्रकचा आणि पावसाच्या पाण्याचा काय संबंध? तो संबंध सांगायचा म्हणजे बरंच मागे जावं लागतं, अगदी जर्मनीपर्यंत. म्हटलं, लिहूनच टाकावं.

१८८८ च्या ऑगस्टमध्ये बेर्टा बेंझ नावाची बाई नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, त्याने बनवलेल्या तीनचाकी मोटारीतून मानहाइमहून माहेरी फोर्झहाइमला गेली. अंतर सुमारे १०५ किलोमीटर. त्या गाडीला आजच्यासारखा रेडिएटर नव्हता. इंजिनाभोवतीचं पाणी उकळून वाफ होऊन उडून जायचं आणि त्याबरोबर उष्णता जायची. त्यामुळे वाटेत मिळेल तिथे थांबून पाणी भरावं लागे. घाटात गाडी बाजूला घेऊन डबा हातात घेणाऱ्या प्रत्येक क्लीनरची ही बाई पूर्वज म्हणायला हरकत नाही!

पुढे १९०१ च्या मर्सिडीज गाडीसाठी विल्हेल्म मायबाखने मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला. त्यात ८०७० बारीक नळ्या होत्या. पाणी थोडं आणि हवा लागायला जागा भरपूर, एवढंच सूत्र. आजही ते बदललेलं नाही.

दरम्यान ऑग्सबर्गला रुडॉल्फ डिझेल एका वेगळ्याच स्वप्नात होता. पाण्यात उष्णता घालवणं म्हणजे चक्क इंधन फुकट घालवणं, असं त्याचं गणित. म्हणून १८९३ चं त्याचं पहिलं इंजिन सिलिंडरभोवती पाणी न खेळवताच बांधलं होतं. ते जमलं नाही. १८९७ साली ज्या इंजिनाने २६ टक्क्यांच्या वर कार्यक्षमता दाखवून जगाला थक्क केलं, त्याच्याभोवती पाणी खेळत होतं. उष्णतेला वाट करून द्यावीच लागते, हे इंजिनाच्या जनकालाही मान्य करावं लागलं.

१९२३ च्या सुमारास बेंझ कंपनीने डिझेल इंजिन ट्रकवर बसवलं. १९२६ साली बेंझ आणि डाइमलर एक झाले, आणि १९५४ साली त्यांच्याच सहकार्याने जमशेदपूरला टेल्कोचे ट्रक बनू लागले. १९६९ पर्यंत त्यांच्या नाकावर तीन टोकांचा तारा असे. काकांनी घेतलेला जुना १२१० हा त्याच वंशातला. सहा सिलिंडर, आवाज दमदार, आणि अंगावर कर्ज.

१९८३ ची गोष्ट. काका कोल्हापूरकडचा गूळ भरून मुंबईला जायचे. खंबाटकी आणि कात्रज हे दोन घाट चढताना गाडी तापू लागली. काटा लाल पट्ट्यात, वास, वाफ. पहिल्या मिस्त्रीने थर्मोस्टॅट काढून फेकून दिला. तेव्हा सर्रास असंच करत. हा व्हॉल्व्ह सुमारे ८० अंशांना उघडतो आणि पाण्याला रेडिएटरकडे जाऊ देतो. तो काढला की वाट कायम मोकळी, असा हिशोब. पण पुष्कळ इंजिनांत तोच व्हॉल्व्ह उघडताना रेडिएटर चुकवून जाणारी आडवाटही बंद करतो. तो काढला की थोडं गरम पाणी आडवाटेनेच परत इंजिनात फिरत राहतं. म्हणजे रोग तसाच, वर एक नवा.

दुसऱ्याने फॅनचा पट्टा बदलला. तिसऱ्याने "हेड गॅस्केट गेलंय" म्हणून हेड उतरवलं. त्या खर्चात काकूंच्या पाटल्या गेल्या. आणि पुढच्याच फेरीत कात्रजला गाडी पुन्हा तापली. क्लीनर पोरगं घाईने रेडिएटरचं झाकण उघडायला गेलं. दाबाखालचं पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल होताच ते एकदम उसळतं. पोराचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. काका त्या रात्री गाडी तिथेच सोडून त्याला दवाखान्यात घेऊन बसले. गाडी विकायचं त्यांनी तिथेच ठरवलं होतं.

विकण्याआधी कोणीतरी कराडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे पाठवलं. त्याने पाना हातातच घेतला नाही. आधी प्रश्न. "मालक, गाडी कवा तापतीया?"

वरवर साधा प्रश्न, पण सगळं त्यातच आहे. सपाटीला, मोकळ्या रस्त्यावर ठीक आणि फक्त गर्दीत हळू चालताना तापते, तर हवा कमी पडतेय: फॅन, पट्टा, नाहीतर जाळीत बसलेली धूळ-किडे. थंड इंजिन सुरू करताच रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात आणि थांबत नाहीत, तर गॅस्केट. चाकाचा ड्रमही तापलेला, तर ब्रेक धरतोय आणि इंजिन उगाच ओढतंय. धूर काळा आणि ओढ कमी, तर इंजेक्शनचं टायमिंग किंवा नोजल बघा. आणि भर घेऊन चढावरच तापते, पाणी पूर्ण, पट्टा घट्ट, बुडबुडे नाहीत, तर उष्णता तयार होतेय पण बाहेर पडत नाही. आमची गाडी या शेवटच्या खात्यात होती.

मग त्याने इंजिन चालू करून गरम होऊ दिलं, बंद केलं, आणि पंख्यापासून लांब राहून रेडिएटरच्या जाळीवरून तळहात जवळून फिरवला. दोन्ही कडा गरम. मधला वीतभर पट्टा गार! गरम पाणी तिथून जातच नव्हतं. टाक्या सोडवल्या तर नळ्या पांढऱ्या क्षाराने बुजलेल्या. आमच्या विहिरीचं पाणी जड. चहाच्या पातेल्यालाही थर बसतो. तेच पाणी वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये ओतलं जात होतं, दर वेळी गाडी वाचवायलाच. नळ्यांतून सळ्या घालून त्या साफ केल्या, थर्मोस्टॅट नवा बसवला. बिल आधीच्या तिन्हींपेक्षा कमी.

आधीचे तिघं लबाड होते असं काका कधी म्हणाले नाहीत. "ज्याला जे येत होतं ते त्यानं केलं. विचारलं कुणीच नाही," एवढंच. मला वाटतं डिझेलचंही तेच झालं. काय हवंय ते त्याने आधी ठरवलं, इंजिनाला नंतर विचारलं. फरक इतकाच की त्याने उत्तर ऐकलं.

हल्लीचे ट्रक स्वतःच संगणकाला कोड सांगतात. पण कोड फक्त तापलंय एवढं सांगतो. कधी आणि का, ते अजून माणसालाच विचारावं लागतं.

गाडी मग विकली नाही. पागोळीखाली पिंप आलं. पावसाचं पाणी गाळून, झाकून ठेवायचं आणि रेडिएटरला तेच घालायचं. काकू चिडायच्या, "घरात प्यायला विहिरीचं, आणि गाडीला पावसाचं!" तो क्लीनर पुढे स्वतः ड्रायव्हर झाला. काकांच्या दहाव्याला आला होता. बाही दुमडलेली, हातावर तो डाग. निघताना पिंपापाशी जरा वेळ उभा राहिला, आत डोकावला आणि झाकण नीट लावून गेला.

भाच्याला म्हटलं, गंजलंय खरं. पण राहू दे.