साठ टक्क्यांची किंमत

दहावी-बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, 'किती टक्के?' अलीकडे त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न ऐकू येतो. मुलगी हुशार आहे, अमेरिकेत शिकायचं म्हणते, तर हे टक्के तिकडे चालतील का? भिवंडी, मुंब्रा, मालेगावच्या पालकांकडून मी हा प्रश्न अनेकदा ऐकला आहे. एजंट मंडळी एका वाक्यात उत्तर देऊन मोकळी होतात. नव्वदच्या खाली असाल तर विसरा, म्हणतात. हे उत्तर अर्धवट आहे. ते का अर्धवट आहे हे समजायचं तर थोडं इतिहासात जावं लागेल, कारण टक्का म्हणजे किलो नव्हे. किलो मुंबईत आणि बॉस्टनमध्ये सारखाच भरतो, टक्का तसा भरत नाही.

आपली परीक्षापद्धत वसाहतीच्या काळातली आहे. १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथे विद्यापीठं निघाली ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. तेव्हाचं लंडन विद्यापीठ वर्गात शिकवत नव्हतं. ते परीक्षा घ्यायचं आणि पदव्या द्यायचं. तेच रूप इथे आलं. परीक्षक अनोळखी, वर्षभराचा हिशेब तीन तासांच्या पेपरात, आणि उद्देश चाळणी लावण्याचा. मुंबई विद्यापीठाचे पहिले पदवीधर १८६२ साली बाहेर पडले ते चार जण. रानडे, भांडारकर, वागळे आणि मोडक. अशा व्यवस्थेत परीक्षकाचा हात आखडता राहिला. पस्तीसला पास, साठला प्रथम वर्ग, ही मोजपट्टी आपल्या अंगवळणी पडली.

अमेरिकेत गुण वेगळ्या घरात जन्मले. तिथे गुण देतो तो वर्गातला शिक्षक, आणि तो देतो वर्षभराच्या कामावर. गृहपाठ, चाचण्या, निबंध, प्रयोग, सगळं त्यात येतं. मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट होल्योक या मुलींच्या कॉलेजने १८९७ साली अक्षरश्रेणी सुरू केली. त्यात ९५ च्या पुढे 'ए' होतं आणि ७५ च्या खाली नापास. म्हणजे ज्या काळी मुंबईत साठ टक्के मिळवणारा मुलगा गल्लीत मिरवत असे, त्याच काळी तिकडे तेवढे गुण मिळवणारी मुलगी नापास ठरत होती. दोघांच्या अभ्यासात फरक असेलच असं नाही, फरक मोजपट्टीत होता.

या फरकाचं सगळ्यात बोलकं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलंच आहे. बाबासाहेब आंबेडकर १९०७ साली मॅट्रिक झाले. चरित्रकारांनी नोंदवलेले त्यांचे गुण आहेत ७५० पैकी २८२, म्हणजे साधारण ३८ टक्के. अस्पृश्य म्हणून त्यांना संस्कृत शिकू दिलं नाही, म्हणून त्यांनी फारसी घेतली होती. पुढे एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए., मग बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती, आणि १९१३ साली न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ. तिथे मुंबईची पदवी मोजली गेली. मॅट्रिकचे ३८ टक्के आडवे आले नाहीत. आजच्या एजंटाने त्या गुणपत्रिकेकडे पाहून काय सल्ला दिला असता, याचा विचार ज्याने त्याने करावा.

पण अमेरिकेचं चित्र एवढं गोड नाही. तिथली विद्यापीठं 'आम्ही नुसते गुण पाहत नाही, पूर्ण माणूस पाहतो' असं अभिमानाने सांगतात. या वाक्याचा इतिहास आपण अल्पसंख्याकांनी तरी नीट वाचायला हवा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्थलांतरित ज्यू कुटुंबांतली मुलं गुणांच्या जोरावर हार्वर्डमध्ये मोठ्या संख्येने येऊ लागली. १९०० साली त्यांचं प्रमाण ७ टक्क्यांच्या आसपास होतं, ते १९२२ पर्यंत २१ टक्क्यांवर गेलं. अध्यक्ष लॉवेल अस्वस्थ झाले. त्यांनी सरळ मर्यादा घालायचा प्रस्ताव मांडला. त्यावर ओरड झाली. मग दुसरी वाट काढली गेली. गुणांबरोबर 'चारित्र्य' आणि 'व्यक्तिमत्त्व' पाहायचं ठरलं. अर्जात वंश आणि धर्म विचारला गेला, आईचं माहेरचं आडनाव विचारलं गेलं, आणि जन्मानंतर तुमच्या किंवा वडिलांच्या नावात काही बदल केला आहे का, हेही विचारलं गेलं. नावावरून माणूस ओळखण्याची ही रीत आपल्याला काही नवी नाही. भाड्याने घर शोधणाऱ्या कुणालाही विचारा.

हीच 'पूर्ण माणूस' पाहण्याची पद्धत पुढे उलट कामालाही आली. काळ्या आणि गरीब मुलांसाठी दार थोडं उघडायला विद्यापीठांनी तिचाच आधार घेतला. मग आशियाई वंशाच्या मुलांवर तिच्यामुळे अन्याय होतो अशी तक्रार कोर्टात गेली, आणि २९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करायला मनाई केली. एकाच हत्याराने कुणाला बाहेर ठेवलं, कुणाला आत घेतलं. हत्यार कुणाच्या हातात आहे यावर सगळं ठरलं. म्हणून माझं मत असं आहे की या पद्धतीवर भाळू नये आणि तिला घाबरूही नये. ती कशी चालते हे समजून घ्यावं.

तर ती चालते कशी? पहिली गोष्ट, तिथे पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश मागताना एकटी बारावी पाहत नाहीत. नववी ते बारावी अशी चार वर्षांची नोंद मागतात. दुसरी गोष्ट, आपल्या टक्क्यांचं जीपीए स्वतः करून पाठवू नये. शाळेने जसे गुण दिले तसेच कळवावेत. आपले गुण कसे वाचायचे हे अनुभवी प्रवेश अधिकाऱ्यांना माहीत असतं. पदवीनंतरच्या शिक्षणासाठी गुणांची समतुल्यता ठरवणाऱ्या संस्थाही आहेत. १९७४ साली निघालेली वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस त्यांपैकी एक. भारतीय कॉलेजांच्या गुणांसाठी अशा संस्थांच्या तक्त्यांत साठच्या वरचा प्रथम वर्ग 'ए' मध्ये बसतो. म्हणजे १८९७ च्या नापासाला इथे अव्वल मान मिळतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. गुण शाळेच्या संदर्भात वाचले जातात. शाळा कोणती, तिथे विषय कोणते उपलब्ध होते, वर्गात हा विद्यार्थी कुठे उभा होता, हे शाळेने एका पानावर लिहून द्यायचं असतं. सोबत शिक्षकांची शिफारसपत्रं. बारावीचा निकाल लागतो मे महिन्याच्या आसपास आणि नेहमीच्या फेरीतल्या अर्जांचे निर्णय मार्चअखेर येतात. त्यामुळे बारावीचे अंदाजित गुणही शाळेलाच कळवावे लागतात.

खरी अडचण इथे आहे. मोठ्या शहरांतल्या महागड्या शाळांत या कामासाठी पगारी समुपदेशक बसलेला असतो. आपल्या उर्दू किंवा मराठी माध्यमाच्या शाळेत तो नसतो. माझ्या ओळखीतल्या एका मुलीला नववीचे गुण शाळेच्या शिक्क्यासह मिळवायला तीन महिने खेटे घालावे लागले. 'नववीचं कशाला? बोर्डाचं आहे ना!' हेच तिला ऐकवलं जात होतं. अकरावीची तर आपण आरामाचं वर्ष म्हणून वाटच लावली आहे. मूल क्लासला जातं, कॉलेजात फक्त नाव असतं, आणि वर्षाच्या शेवटी कसेबसे आकडे भरले जातात. अमेरिकेतला अधिकारी ते आकडे खरे मानून वाचतो. बारावीत ९० आणि अकरावीत ५२ दिसले की त्याला प्रश्न पडतो, आणि उत्तर द्यायला तिथे कुणी नसतं.

पैशाचा प्रश्नही आहेच. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी अशा मोजक्या संस्था परदेशी विद्यार्थ्याचा अर्ज वाचताना त्याची ऐपत पाहत नाहीत. पण तिथली स्पर्धा भयंकर आहे. बाकी बऱ्याच ठिकाणी मदत मागितली की कस वाढतो.

म्हणून पालकांना आणि त्याहून जास्त आपल्या शाळा चालवणाऱ्या संस्थांना माझं सांगणं आहे. नववीपासूनचे निकाल जपून ठेवा. अकरावीचे गुण प्रामाणिकपणे द्या. उर्दू-मराठी निकालपत्रकाचं इंग्रजी भाषांतर शिक्क्यासह वेळेवर द्या. शाळेची ओळख सांगणारं एक पान तयार ठेवा, आणि त्यात खरं ते लिहा. वर्गात किती मुलं होती, प्रयोगशाळा होती की नव्हती, किती मुलं घरातली पहिली शिकणारी होती. अशा शाळेतले ७८ टक्के वाचणाऱ्याला काहीतरी सांगतात. ते पान जोडलं नाही तर ते फक्त ७८ टक्के राहतात. हे पान लिहायला कुणाची परवानगी लागत नाही आणि खर्चही येत नाही. एका मुख्याध्यापकाची एक दुपार लागते.